पहिली रायफल : खांद्याला सोसेल तीच

अमेरिकेतला हरणांचा हंगाम : लेखांक सहावा

परवाना आणि सुरक्षेचा अभ्यासक्रम मागच्या आठवड्यात झाला, आता रायफल. मिशिगनमध्ये बंदुकीचा हंगाम दरवर्षी १५ नोव्हेंबरला उघडतो. त्याआधी बंदुकीच्या दुकानांत अठरा-एकोणीस वर्षांचं सडपातळ पोर, शेजारी बाप नाहीतर काका, आणि काउंटरपलीकडून पुढे येणारी .३०-०६ हे त्रिकूट हमखास दिसतं. आजोबांनी हीच वापरली, बापानं हीच वापरली, मग पोरानं का नको?

नको, एवढंच माझं उत्तर. निदान पहिली म्हणून नको. १९०६ साली अमेरिकी सैन्यासाठी तयार झालेलं हे काडतूस उत्तम आहे आणि त्यानं आजवर पडलेल्या हरणांची गणतीच नाही. पण नवशिक्याच्या बाबतीत प्रश्न हरिण पडेल का हा नसतोच. प्रश्न असतो तो खांदा त्या बंदुकीला घाबरेल का, हा.

हा धक्का येतो कुठून? गोळी जेवढा संवेग घेऊन पुढे जाते तेवढाच रायफलीला मागे मिळतो. शिवाय जळलेल्या दारूचा वायू नळीच्या तोंडातून गोळीपेक्षाही जास्त वेगानं सुटतो, त्याचं देणंही खांद्यालाच चुकवावं लागतं. साडेतीन किलोच्या रायफलीतून .३०-०६ची १८० ग्रेनची, म्हणजे सुमारे पावणेबारा ग्रॅमची गोळी सुटली, तर धक्क्याची ऊर्जा सत्तावीस-अठ्ठावीस ज्यूल भरते. तेवढ्याच वजनाच्या .२४३ विंचेस्टरमधून १०० ग्रेनची गोळी सोडली तर बारा ज्यूलच्या आसपास. निम्म्याहून कमी. .३०० विंचेस्टर मॅग्नमकडे गेलात तर आकडा पस्तिसाच्या वर जातो, आणि ती पहिली रायफल म्हणून घेऊन देणाऱ्या बापाशी मला वादही घालायचा नाही.

इथे एक गंमत आहे, आणि तिच्यात पुष्कळ लोक फसतात. संवेग तोच राहिला तर रायफल जितकी हलकी तितकी धक्क्याची ऊर्जा जास्त. दुकानदार तरुणांसाठी म्हणून जे आखूड, सुटसुटीत मॉडेल दाखवतो, ते वजनानंही हलकं असतं. पावणेतीन किलोच्या रायफलीत तीच .२४३ पंधरा ज्यूलच्या जवळ पोचते. म्हणजे बारीक खांद्यासाठी बनवलेली बंदूक त्या खांद्याला जास्त लागते! डोंगर चढून सांबरासारख्या थोराड एल्कच्या मागे जायचं असेल तर हलकेपणाला अर्थ आहे. पेनसिल्व्हेनियाच्या रानात झाडावरच्या मचाणावर सकाळभर बसायचं असेल, तर चारपाचशे ग्रॅम जास्तीचे घेऊन बसावं.

दुखण्याबद्दल मी फार बोलत नाही, कारण दुखणं दोन दिवसांत जातं. राहते ती दचक. चाप ओढायच्या क्षणी डोळे मिटतात, खांदा पुढे येतो आणि नळीचं तोंड खाली झुकतं. हरणाच्या छातीतली मर्माची जागा जेमतेम वीस-पंचवीस सेंटिमीटरची. दचकलेल्या हातानं ती चुकते, गोळी पोटात किंवा मांडीत बसते आणि जखमी जनावर रात्रभर रान तुडवत राहतं. जड काडतुसाची जास्तीची ताकद तिथे कामाची नसते.

दचक ओळखायची एक साधी युक्ती तिथले जुने प्रशिक्षक वापरतात. सोबत्यानं रायफल भरायची, कधी खरं काडतूस, कधी सरावाचं पोकळ. नेमबाजाला सांगायचं नाही. चाप ओढल्यावर नुसतं टक् झालं आणि तरीही नळी खाली गेली, तर रोग पकडला गेला. उपाय म्हणजे परत .२२वर जायचं. कोल्हापूरजवळच्या कांबळवाडीच्या स्वप्नील कुसाळेनं २०२४ला पॅरिसमध्ये कांस्यपदक मिळवलं ते .२२ रायफलीवरच. तिला धक्का जवळजवळ नाहीच, त्यामुळे हात फक्त नेम आणि चाप एवढंच शिकतो. आवाजही दचकवतो. मोठ्या रायफलीचा बार १६० डेसिबलच्या घरात जातो, तेव्हा सरावाच्या मैदानावर कानात बोंडं आणि वर कर्णपट्टा, दोन्ही हवेत. नळीच्या तोंडाशी बसवायचा ब्रेक धक्का खरोखर कमी करतो, पण आवाज वाढवतो. नवशिक्यासाठी तो सौदा मला पटत नाही.

आता काडतूस. पांढऱ्या शेपटीच्या हरणासाठी माझी पहिली पसंती .२४३ विंचेस्टर. १९५५ साली .३०८चं नळकांडं तोंडाशी आवळून ते तयार झालं. अट एकच : गोळी ९५ ते १०० ग्रेनची, हरणासाठी बनवलेली. याच काडतुसात ५५-६० ग्रेनच्या पातळ कवचाच्या गोळ्याही मिळतात, त्या कोल्ह्या-घुशींसाठी. हरणाच्या खांद्यावर त्या फुटून वरच्यावर राहतात.

पुढेमागे एल्कच्या शिकारीला जायचा विचार असेल तर १९८०चं ७ एमएम-०८ रेमिंग्टन घ्यावं. १४० ग्रेनच्या गोळीला धक्का सतरा-अठरा ज्यूल, आणि काम जुन्या ७×५७ माऊझरच्या तोडीचं. त्या माऊझरचं इंग्रजी नाव .२७५ रिग्बी. चंपावतची वाघीण मारल्याबद्दल १९०७ साली जिम कॉर्बेटला भेट मिळाली ती याच काडतुसाची रायफल, आणि रुद्रप्रयागचा बिबट्या १९२६मध्ये तिनंच पडला. तेव्हा कमी धक्क्याची बंदूक ही पोरासोरांची, असं म्हणणाऱ्याला कॉर्बेट वाचायला द्यावा. २००७ला आलेलं ६.५ क्रीडमूर धक्क्यात याहून थोडं सौम्य आहे. त्याच्याभोवती जाहिरातींचा गाजावाजा फार, पण काडतूस चांगलं आहे.

.२२३ का नाही? धक्का तर चार-पाच ज्यूलच. एक तर हरणाला ते तोकडं पडतं, दुसरं म्हणजे बऱ्याच ठिकाणी कायद्यात बसत नाही. व्हर्जिनियात हरणासाठी .२३हून बारीक गोळी चालत नाही. कोलोरॅडो आणि वॉशिंग्टन राज्यांत ही मर्यादा .२४ आहे. ओहायोची तऱ्हा आणखी वेगळी. तिथे सरळ भिंतीच्या नळकांड्याचीच काडतुसं चालतात, आणि अशा राज्यांसाठी २०१९ला निघालेलं .३५० लेजंड धक्क्याला मवाळ आहे.

काडतुसाइतकंच महत्त्वाचं माप दस्त्याचं. चापापासून दस्त्याच्या टोकापर्यंतची लांबी प्रौढांच्या रायफलीत चौतीस-पस्तीस सेंटिमीटर असते. आखूड हातांना ती लांब पडते. मग मान पुढे ताणली जाते, डोळा दुर्बिणीच्या फार जवळ जातो आणि तिची कड भुवईवर चंद्रकोर उमटवते. दस्ता आखूड करता येतो, मधल्या चकत्या घालून वाढवताही येतो. टोकाला मऊ रबराची जाड गादी हवीच. आणि टेबलावर वाकून बसून एका दमात वीस बार काढू नयेत. उभ्यानं शरीर धक्क्याबरोबर मागे जातं, बसल्यावर तो सगळा खांद्यातच जिरतो.

खरेदीचं वय : केंद्रीय कायद्यानं परवानाधारक दुकानातून रायफल अठराव्या वर्षी मिळते, पण फ्लोरिडानं २०१८पासून ही अट एकवीस केली आहे. भारतात १९७२च्या वन्यजीव कायद्यानं छंदाची शिकार संपली, त्यामुळे अमेरिकेत वाढलेल्या मराठी मुलाच्या घरात हे सांगणारं वडीलधारं सहसा नसतं. त्यानं दुकानाआधी मैदान गाठावं, ओळखीच्या माणसाची .२४३ आणि ७ एमएम-०८ दोन्ही उभ्यानं चालवून बघाव्यात, आणि पोकळ काडतुसाच्या परीक्षेत नळी स्थिर राहील तीच घ्यावी.

पुढच्या आठवड्यात गोळीचा धातू, शिसं की तांबं. कॅलिफोर्नियात १ जुलै २०१९पासून शिकारीत शिशाच्या गोळीला बंदी आहे.