डीएमए बफर: इंटेलवर चाललं म्हणजे बरोबर आहे, असं नाही

नेटवर्क कार्ड, कॅमेरा किंवा डिस्क प्रोसेसरला मध्ये न घेता थेट मेमरीत डेटा टाकते, त्याला डीएमए म्हणतात. लिनक्सवर त्यासाठी मेमरी मागताना इंटेलच्या मशीनवर पुष्कळ चुका खपून जातात. तोच ड्रायव्हर एआरएम बोर्डावर नेला की डेटा बिघडतो, तोही अधूनमधून, आणि मग चूक शोधताना नाकीनऊ येतात.

गैरसमज: फिजिकल ॲड्रेस मिळाला की तोच डिव्हाइसला द्यायचा.
डिव्हाइसचा नकाशा वेगळा असू शकतो. रास्पबेरी पाय ३ वर प्रोसेसरला शून्यापासून दिसणारी रॅम डीएमए इंजिनला ३ जीबीच्या पत्त्यापासून पुढे दिसते. मध्ये डिव्हाइसचे पत्ते बदलून देणारं आयओएमएमयू असेल तर पत्ता आणखीच निराळा. म्हणून हिशेब स्वतः करू नये. कर्नलच्या डीएमए एपीआयने दिलेला पत्ताच वापरावा.

गैरसमज: कॅशेची काळजी हार्डवेअर घेतं.
इंटेल-एएमडीवर घेतं, पण बऱ्याच एआरएम बोर्डांवर घेत नाही. सगळ्यात फसवी चूक इथेच होते. समजा, एकाच स्ट्रक्चरमध्ये बफर आणि त्याला लागून एक काउंटर आहे आणि दोघांचे काही बाइट ६४ बाइटांच्या एकाच कॅशे लाइनमध्ये आले आहेत. डिव्हाइस रॅममध्ये नवा डेटा लिहीत असतानाच प्रोसेसर काउंटर वाढवतो. थोड्या वेळाने ती अख्खी लाइन कॅशेतून रॅममध्ये परत लिहिली जाते आणि नुकताच आलेला डेटा जुन्या बाइटांखाली गाडला जातो. कोड कितीही वेळा वाचला तरी हे नजरेला पडत नाही. बफर केमॅलॉकने स्वतंत्र मागा आणि मॅपिंग चालू असेपर्यंत, मधे सिंक केल्याशिवाय, त्याला हात लावू नका.

गैरसमज: मग सगळीकडे कोहेरंट मेमरीच घ्यावी.
प्रोसेसर आणि डिव्हाइस दोघांना एकच डेटा दिसेल अशी ही मेमरी, कॅशे न सांभाळणाऱ्या बोर्डांवर बहुधा कॅशेबाहेरची असते, त्यामुळे प्रोसेसरला वाचायला फार संथ पडते. डिस्क्रिप्टर रिंगला ती उत्तम, मोठ्या डेटाला नाही. शिवाय कोहेरंट म्हणजे क्रमाची हमी नव्हे: डिस्क्रिप्टर भरून झाल्यावर, तो डिव्हाइसच्या ताब्यात देणारा बिट लिहिण्याआधी बॅरिअर लागतोच.

गैरसमज: जीएफपी_डीएमए हा फ्लॅग डीएमएसाठीच आहे.
एक्स८६ वर त्याचा अर्थ पहिले १६ एमबी. जुन्या आयएसए कार्डांना २४ बिटांपलीकडे पोचता येत नसे, त्यांची ती सोय. आज आपल्या डिव्हाइसचा आवाका डीएमए मास्क लावून सांगायचा असतो. रास्पबेरी पाय ४ च्या सुरुवातीच्या चिपमध्ये पीसीआयई फक्त खालच्या ३ जीबीपर्यंत पोचत असे. अशा वेळी आयओएमएमयू नसेल तर कर्नल आवाक्यातल्या बाउन्स बफरमधून डेटा कॉपी करतं. ही जागा मर्यादित असते, एरवी ६४ एमबी, त्यामुळे मॅपिंग फसूही शकतं. परतीचं मूल्य तपासायलाच हवं.

गैरसमज: छोटा बफर स्टॅकवर ठेवला तर काय बिघडतं?
२०१६ अखेर आलेल्या ४.९ कर्नलपासून एक्स८६-६४ वर कर्नलचा स्टॅक व्हीमॅलॉकच्या जागेत ठेवता येतो. तिथला पत्ता साध्या वजाबाकीने फिजिकल होत नाही. बऱ्याच ड्रायव्हरांतले असे बफर त्यानंतर बदलावे लागले.

यातल्या काही चुका पकडायला दुसरा बोर्ड लागतही नाही. कर्नल बांधताना कॉन्फिग_डीएमए_एपीआय_डीबग चालू करा: स्टॅकवरचं मॅपिंग, न तपासलेली एरर, चुकीच्या आकाराचं अनमॅप, हे सारं इंटेलच्या मशीनवरही लॉगमध्ये उमटतं.