आधी चेसिस, मग बॉनेट

जुनी जीप घ्यायला गेलेला माणूस आधी बॉनेट उघडतो, इंजिनचा आवाज ऐकतो आणि तिथंच सौदा करून बसतो. माझं मत याच्या नेमकं उलट आहे. इंजिन उतरवता येतं, बोअर करून घेता येतं, अगदीच गेलं तर दुसरं मिळतं. चेसिस आणि तिचे कागद दुसरे मिळत नाहीत.

गोंदिया जिल्ह्यात हे जरा जास्तच लागू पडतं, कारण हा धानाचा मुलूख. सरकारी खात्यांच्या लिलावात सुटलेल्या जिपा इथं शेतकऱ्यांनी, राइस मिलवाल्यांनी घेतल्या आणि रोवणीच्या दिवसांत थेट बांधीपर्यंत नेल्या. चेसिसची कडी आतल्या बाजूनं उघडी असते. तिच्या खालच्या पट्टीवर चिखल बसतो, जीप मिलच्या शेडमध्ये उभी राहिली की त्यावर भुसा साचतो, आणि तो भुसा पावसाळाभर ओल धरून ठेवतो. बाहेरचा रंग चकचकीत असतो तेव्हाही आतलं लोखंड सडत असतं.

तिरोड्याकडच्या एका मिलच्या आवारात सीजे-3बी जीप पाहायला गेलो, तेव्हा बरोबरच्या मिस्त्रींनी बॉनेटला हातही लावला नाही. "आधी खालून पाहू जी, इंजिन कुठं पळून नाही चाललं," म्हणत पोतं अंथरून ते खाली शिरले. पुढच्या पाट्यांपासून सुरुवात करून वीत-वीतभर अंतरावर हातोडी मारत मागं सरकत गेले. शाबूत लोखंड टणटणत होतं. मागच्या शॅकलपाशी आवाज बद्द झाला. तिथं स्क्रू ड्रायव्हर खुपसला तर तो आत गेला आणि गंजाच्या पापुद्र्यांसकट भुशाचा काळा गोळा त्यांच्या छातीवर पडला. मग दोरी धरून चेसिस कोनाकोनी मोजली. दोन्ही मापं जुळली, म्हणजे ती वाकलेली नव्हती. सडका तुकडा कापून नवी प्लेट लावता येते. वाकलेली चेसिस मात्र मी घेतली नसती. बॉडीवर चुंबक फिरवला, तर मागच्या चाकांच्या वर तो चिकटेना. तिथं पत्रा कमी आणि लांबी जास्त होती.

चेसिस नंबर गंजात बुजला होता. वायर ब्रश, डिझेलचं फडकं, मग वर कागद धरून पेन्सिल घासली तेव्हा एकेक आकडा उमटला. तो आरसी बुकाशी जुळला आणि मला हायसं वाटलं. नोंद मात्र भंडाऱ्याची. गोंदिया जिल्हा 1 मे 1999 ला भंडाऱ्यातून वेगळा झाला, त्यामुळे इथल्या जुन्या जिपांचे कागद शोधत पुष्कळदा तिकडंच जावं लागतं.

खरी अडचण पुढं होती. बुकात इंधन पेट्रोल आणि बॉनेटखाली डिझेल इंजिन. पेट्रोल परवडेना म्हणून असंख्य मालकांनी हेच केलं; त्यांना दोष देता येत नाही. पण बदलाची नोंद आरटीओकडं केलेली नसली, तर पासिंगला गाडी अडते.

या जीपचं मूळ इंजिन हरिकेन, चार सिलिंडरचं, सुमारे 2.2 लिटरचं. त्यात इनटेक व्हॉल्व्ह वर हेडमध्ये आणि एक्झॉस्ट व्हॉल्व्ह खाली ब्लॉकच्या बगलेत. या रचनेनं इंजिन उंच झालं, म्हणून 1953 ला अमेरिकेत आलेल्या सीजे-3बीचं बॉनेटही उंच करावं लागलं. तिकडं हे मॉडेल 1968 ला बंद पडलं. इकडं महिंद्रानं ते पुढंही वर्षानुवर्षं बनवलं. म्हणूनच गिअरबॉक्सचे, ॲक्सलचे सुटे भाग अजून सापडतात. सबंध नवी बॉडी हवी तर हरियाणातल्या मंडी डबवालीत तयार मिळते. मला ती नको होती. जुना पत्रा जिथं तग धरून आहे तिथं तोच ठेवायचा, असं ठरवलं.

बॉडी उचलायला सगळ्यात जास्त वेळ गेला. एकेक बोल्ट गॅसनं तापवून, ठोकून सोडवावा लागला. उघडी चेसिस रेतीच्या माऱ्यानं साफ केली, शॅकलपाशी प्लेट वेल्ड केली, तिला पाणी निघायला भोकं ठेवली, मग रेड ऑक्साइड. पाट्यांचे बुश, ऑइल सील, ब्रेकचे पाइप नवे. रंग सगळ्यात शेवटी.

इंजिनाबाबत मी हरिकेनच परत बसवायचं ठरवलं. ते दुसऱ्या जीपचं असल्यानं बिल आणि नंबरची नोंद आलीच. जुलै 2021 च्या नियमांनुसार पन्नास वर्षांवरच्या, मूळ रूपातल्या गाडीला 'व्हीए' अक्षरांचा व्हिंटेज नंबर मिळतो. फी 20,000 रुपये, मुदत दहा वर्षं. पण अशी गाडी प्रदर्शन, रॅली, इंधन भरणं, दुरुस्ती एवढ्यासाठीच रस्त्यावर आणता येते. मला ती बाजाराला, शेतावर न्यायची आहे. म्हणून साधंच नूतनीकरण करणार, दर पाच वर्षांनी पासिंगला नेणार.