चार आकड्यांचा खेळ

व्हिडिओ गेम हा शब्द काढला की आम्हा शिक्षक मंडळींच्या कपाळाला आठी पडते. ती पडावी असेच पुष्कळदा घडते, हे मी नाकारीत नाही. मुले तासन् तास मोबाईलमध्ये डोके घालून बसतात, आणि हाक मारली तरी ओ देत नाहीत. पण श्रोतेहो, आज मी खेळ खेळण्याविषयी बोलणार नाही, तर खेळ तयार करण्याविषयी बोलणार आहे. गाणे ऐकणे निराळे आणि स्वतः चार सूर जुळवून पाहणे निराळे, तसेच हे.

खेळांचे प्रकार अनेक आहेत. त्यांतला एक मला विशेष आवडतो. त्यात शत्रूला मारून राज्य मिळवायचे नसते, नुसते तगून राहायचे असते. जवळ थोडा शिधा, थोडे सामान आणि पुढे लांबचा पल्ला. रोज काहीतरी खर्च होते, रोज एक निर्णय घ्यावा लागतो. शेवटपर्यंत निभावले की जिंकलात. आपल्याकडे ज्याला बेगमी म्हणतात, तिचाच हा खेळ म्हणा ना!

या प्रकारच्या एका जुन्या आणि नामांकित खेळाची हकीकत सांगतो. तो कोणा मोठ्या कारखान्यात जन्मला नाही. 1971 साली अमेरिकेतील मिनिआपोलिस शहरात तीन तरुण एकाच बिऱ्हाडात राहत होते. कार्लटन कॉलेजचे हे विद्यार्थी शिक्षक होण्यासाठी शाळांतून पाठ घेत होते. डॉन रॉविच इतिहास शिकवी, बिल हाइनमन आणि पॉल डिलनबर्गर गणित शिकवीत. रॉविचला आठवीच्या वर्गाला एक प्रकरण शिकवायचे होते: गेल्याच्या आधीच्या शतकात हजारो कुटुंबे बैलगाड्यांतून पश्चिमेकडे ऑरेगन प्रांतात गेली, त्या प्रवासाचे. वाट सुमारे दोन हजार मैलांची, म्हणजे तीन हजार किलोमीटरांहून अधिक, आणि मुदत पाच-सहा महिन्यांची. वाटेत नद्या, डोंगर, रोगराई. हे सारे फळ्यावर लिहून मुलांच्या गळी कसे उतरवावे?

रॉविचने आधी कागदावर नकाशा काढला आणि फाशांनी खेळायचा खेळ योजला. मित्र म्हणाले, हे कॉम्प्युटरवर का करू नये? मग सुमारे दोन आठवडे संध्याकाळी बसून त्यांनी तो लिहून काढला. त्या वेळी शाळेत पडदा नव्हता, चित्रे नव्हती. टंकयंत्रासारखे एक यंत्र दूरच्या कॉम्प्युटरला जोडलेले असे. मुलांनी आकडा टाइप करायचा आणि यंत्राने उत्तर कागदावर छापायचे. एवढेच साहित्य, तरी मुले रांग लावून उभी राहिली!

असे त्यात होते तरी काय? 1978 साली या खेळाची संपूर्ण आज्ञावली एका मासिकात छापून आली, तिच्यावरून ते नीट कळते. प्रवाशाने 900 डॉलर साठवलेले असतात. त्यांतले 200 गाडीला गेलेले. उरलेल्या 700 मध्ये बैल, अन्न, बंदुकीची काडतुसे, कपडे आणि औषधादी किरकोळ सामान घ्यायचे. दर पंधरवड्याला प्रश्न यायचा: थांबून शिकार करणार की पुढे जाणार? बेताचे जेवणार, मध्यम जेवणार की पोटभर? बैलांवर पैसे जास्त खर्चले तर गाडी वेगाने जाई, पण अन्न कमी पडे. जेवणात काटकसर केली तर आजार जडण्याचा संभव वाढे. शिकारीची गंमत तर अशी की, ‘बँग’ हा शब्द झटपट टाइप करावा लागे. हात जितका चपळ, तितकी शिकार चांगली.

सत्र संपले तशी ती आज्ञावली कॉम्प्युटरमधून पुसली गेली. रॉविचने तिची छापील प्रत मात्र जपून ठेवली होती. पुढे 1974 मध्ये तो मिनेसोटा राज्याच्या शैक्षणिक संगणक संस्थेत नोकरीला लागला, तेव्हा त्याने ती ओळ न् ओळ पुन्हा टाइप केली. मग त्याने त्या प्रवाशांच्या रोजनिशा वाचल्या आणि कोणते संकट किती वेळा यावे, याचे प्रमाण त्यांच्या आधारे सुधारले. ही गोष्ट मला फार महत्त्वाची वाटते. खेळातला प्रत्येक आकडा हे एक विधान असते. ‘दहांत एकदा वादळ येते’ असे लिहिले की, जग असे आहे, असे आपण म्हणत असतो. तेव्हा ते खरे आहे का, हे पाहणे आलेच.

आता कोणी म्हणेल, हे जुन्या काळाचे झाले. आज तर पडद्यावर खऱ्यासारखे डोंगर आणि समुद्र दिसतात. खरे आहे. पण गंमत पाहा, हौसेने खेळ करणारे पुष्कळजण आज मुद्दाम थोडक्यात भागवतात. जोसेफ व्हाइट या गृहस्थाने केलेले ‘पिको-8’ नावाचे एक साधन आहे. त्यात पडदा अवघा 128 ठिपके रुंद आणि 128 ठिपके उंच, रंग फक्त 16, आणि आज्ञावलीच्या लांबीलाही मर्यादा. एवढ्यात जे बसेल ते बसवायचे. सुगरणीची परीक्षा भरल्या कोठारात होत नाही, ती डब्यात उरलेल्या चार जिनसांत होते. तसेच हे. एकट्या माणसाला नोकरी सांभाळून, रात्री तासभर बसून, काम पुरे करता येते ते अशा मर्यादेमुळेच.

मीही गेल्या उन्हाळी सुटीत हा उद्योग करून पाहिला. विषय घरचाच घेतला: कोकणातल्या वाडीचा पावसाळा. ओढ्याला पूर आला की वाट बंद. आगोटीला जे भरून ठेवले त्यावर चार महिने काढायचे. दिवस 120. प्रथम आकडे तीनच ठेवले: तांदूळ, सरपण आणि अंगातली ताकद. तांदूळ 50 किलो. कामाच्या दिवशी अर्धा किलो लागणार, म्हणजे पुरवठा 100 दिवसांचा. 20 दिवस तुटीचे. ही तूट रानातून टाकळा-भारंगी खुडून, ओढ्यात कुर्ल्या धरून भरून काढायची. कॉम्प्युटरला सांगायचे ते एवढेच: दिवस उजाडला की काय करणार ते विचार, त्याप्रमाणे तांदूळ वजा कर, सरपण वजा कर, चिठ्ठी टाकून पाऊस किती ते ठरव, आणि काही शून्यावर आले का ते पाहा. नसेल आले तर पुन्हा पहिल्यापासून. पडद्यावर एक झोपडी, एक माणूस आणि तिरक्या रेघांचा पाऊस. बस्स.

मी मोठ्या दिमाखात तो खेळ भाच्याला दिला. दहा मिनिटांत तो म्हणाला, “मामा, जिंकलो.” मी चकित! कसा जिंकलास? तर पठ्ठ्याने चारही महिने माणसाला झोपवून ठेवले होते. विश्रांतीच्या दिवशी पाव किलो तांदूळ पुरतो, असा नियम मीच घातला होता. 120 दिवसांना लागले 30 किलो. वर 20 किलो शिल्लक! मग मला चौथा आकडा घालावा लागला, छपराचा. शाकारणीकडे पाहिले नाही की छप्पर गळते, सरपण भिजते, चूल पेटत नाही. आळशाची सोय बंद झाली. नियमांतली फट आपल्याला दिसत नाही, मुलांना ती लगेच दिसते. म्हणून खेळ आधी मुलांच्या हाती द्यावा.

दुसरी चूक आईने दाखवली. तिने चष्मा लावून थोडा वेळ पाहिले आणि विचारले, “अरे, ह्यात शेजारी कुठे आहेत?” मी म्हटले, “अगं, हा एकट्याचा खेळ आहे.” ती म्हणाली, “एकट्यानं कधी कोणी पावसाळा काढलाय का? तुझे आजोबा तापानं पडले, तेव्हा महिनाभर सरपण कोणी आणून टाकलं?”

मी निरुत्तर झालो. माझी बेरीज-वजाबाकी बिनचूक होती, पण विधान खोटे होते. ऑरेगनच्या खेळातही, वाटेत तिथले मूळचे रहिवासी भेटून अन्न कुठे मिळेल ते दाखवतात, असा एक प्रसंग घातलेला आहे, तो मला तेव्हा आठवला. मी नवा नियम लिहिला: शेजारी उसने मागायला येईल. दिले तर आज आपले कमी होईल. पण पुढे ताकद शून्याला टेकली तर तो दार ठोठावील. नाही दिले तर नाही ठोठावणार. ओळी फार तर वीस वाढल्या, पण खेळ खरा झाला. भाचा आता शेजाऱ्याला रिकाम्या हाती पाठवत नाही.

गावोगावच्या शिक्षकांना माझे सांगणे एवढेच. यासाठी कॉम्प्युटर हवाच असे नाही. रॉविचने सुरुवात कागदापासून आणि फाशापासून केली होती. तुम्ही चिंचोके घ्या, एक फासा घ्या. विषय मुलांना माहीत असलेला निवडा: दुष्काळात गुरे जगवणे, डोंगर ओलांडणारा तांडा, समुद्रात गेलेली होडी. जपायच्या वस्तू चारच ठेवा. रोजचा खर्च किती आणि संकट किती वेळा, हे मुलांनाच ठरवू द्या. ती घरी जाऊन आजीला विचारतील, “भाकरी किती लागायच्या? विहीर कधी आटायची?” आकड्यांवरून त्यांच्यात वाद होईल. होऊ द्या. त्या वादात गणितही आहे, भूगोलही आहे आणि इतिहासही आहे.

आणि खेळ तयार झाला की एकदा तपासून पाहा, त्यात शेजारी आहे ना?