धाक बसवला की पोरगं ताळ्यावर येतं?

शाळेतून रोज तक्रारी, घरी आदळआपट, चोऱ्या, मारामाऱ्या. चौदा-पंधरा वर्षांचं मूल असं वागू लागलं की नातेवाइकांचा सल्ला ठरलेला असतो: एकदा चांगला धाक बसवा.

अमेरिकेत हा प्रयोग रीतसर करून झाला आहे. १९७०च्या दशकात न्यू जर्सीतल्या राहवे तुरुंगात जन्मठेपेचे कैदी अशा मुलांना समोर बसवून दरडावत, आतल्या जगण्याची भीती घालत. त्यावरच्या ‘स्केअर्ड स्ट्रेट’ या माहितीपटाला ऑस्कर मिळालं आणि कार्यक्रमाचं लोण सगळीकडे पसरलं. पुढे अशा कार्यक्रमांच्या ९ चाचण्यांचे निष्कर्ष एकत्र तपासले गेले. तुरुंग दाखवलेल्या मुलांच्या हातून, न दाखवलेल्यांपेक्षा, गुन्हे जास्तच घडले होते.

मग काय उपयोगी पडतं? ओरेगनचे मानसशास्त्रज्ञ जेराल्ड पॅटरसन यांनी अशी घरं जवळून पाहिली. तिथलं दुष्टचक्र आपल्याकडेही ओळखीचं आहे. आई म्हणते, ‘मोबाईल ठेव.’ मुलगा ओरडतो. आईचाही आवाज चढतो. तो दार आपटतो, ताट भिरकावतो. आई थकते, गप्प बसते. मोबाईल त्याच्याच हातात राहतो. आरडाओरडा केला की सुटका होते, हे तो शिकतो. गप्प बसलं की भांडण थांबतं, हे आई शिकते. म्हणूनच उपचारात पालकांनाही बोलावतात. ‘संस्कार कमी पडले’ असं सुनावण्यासाठी नव्हे, तर मोजके नियम, ठरलेले परिणाम आणि चांगल्या वागण्याची तिथल्या तिथे दखल यांचा सराव करून घेण्यासाठी. किशोरवयात शाळेलाही सोबत घ्यावं लागतं.

गोळीने स्वभाव बदलेल, ही आशाही फोल आहे. ब्रिटनच्या ‘नाइस’ या आरोग्यविषयक संस्थेच्या २०१३च्या मार्गदर्शक सूचनांनुसार अशा वागण्यावर नेहमीचा इलाज म्हणून औषध देऊ नये. सोबत अतिचंचलता असेल तर तिच्यावर औषध चालतं.

‘हा पुढे गुंडच होणार’ हे भाकीत तर सर्वांत घातक. मानसशास्त्रज्ञ टेरी मॉफिट यांनी १९९३मध्येच मांडलं, की बहुतेकांचं असं वागणं किशोरवयापुरतंच असतं. लहानपणापासून सुरू असेल तर मात्र मदत लवकर हवी.

एखाद्या दिवशीचं उलट उत्तर म्हणजे आजार नव्हे. महिनोन् महिने हेच चाललं असेल तर बालमानसोपचारतज्ज्ञांना गाठावं. ‘टेलि-मानस’ या सरकारी मानसिक आरोग्य सेवेच्या १४४१६ या मोफत क्रमांकावर चोवीस तास मराठीतही बोलता येतं. मूल यायला तयार नसेल, तरी पालकांनी फोन करावा.