स्पर्धा, मक्तेदारी आणि सरकार: पाच गैरसमज

उद्योगधंद्यात सरकारने किती लक्ष घालावं, यावर आपल्याकडे वाद सुरू झाला की दोन तट पडतात. एका तटाला प्रत्येक मोठा उद्योगपती लुटारू वाटतो, दुसऱ्याला सरकारचा प्रत्येक नियम जाच वाटतो. ग्राहक, शेतकरी आणि नवा उद्योजक मात्र भरडला जातो तो नव्या माणसाची बाजारात येण्याची वाट बंद झाली की. ती वाट कधी कंपनी अडवते, कधी सरकार, आणि पुष्कळदा दोघं मिळून.

गैरसमज 1: कंपनी मोठी झाली म्हणजे मक्तेदारी, आणि मक्तेदारी म्हणजे गुन्हा.

वस्तुस्थिती: एके काळी आपला कायदाही बराचसा याच समजुतीवर उभा होता. मक्तेदारीला आळा घालण्यासाठी आणलेल्या 1969 च्या एमआरटीपी कायद्याखाली 20 कोटी रुपयांपेक्षा जास्त मालमत्तेच्या उद्योगसमूहाला मोठ्या विस्तारासाठी सरकारची वेगळी परवानगी लागे. 1985 मध्ये ही मर्यादा 100 कोटी झाली आणि 1991 मध्ये मालमत्तेची अटच गेली. आजचा 2002 चा स्पर्धा कायदा नुसत्या मोठेपणाला दोष देत नाही. त्याचं कलम 4 रोखतं ते वर्चस्वाचा गैरवापर: प्रतिस्पर्धी संपवण्यासाठी खर्चाहून कमी भावात विकणं, एका मालाबरोबर दुसरा गळ्यात मारणं, इतरांना बाजारात शिरू न देणं. चांगला माल रास्त भावात देऊन कोणी मोठं झालं, तर त्यात गैर काही नाही.

गैरसमज 2: भाव पडले की गिऱ्हाइकाचा फायदाच.

वस्तुस्थिती: भाव कोण पाडतंय आणि कशासाठी, हे पाहावं लागतं. 1919 मध्ये वालचंद हिराचंद, नरोत्तम मोरारजी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी सिंदिया स्टीम नॅव्हिगेशन कंपनी काढली. 5 एप्रिलला त्यांची ‘लॉयल्टी’ बोट मुंबईहून लंडनला निघाली. समुद्रावर तेव्हा ब्रिटिश कंपन्यांचं राज्य होतं. त्यांनी मालवाहतुकीचे दर पाडले. त्याहून जालीम होती ती लांबणीवरची सूट. व्यापाऱ्याने ठरलेल्या मुदतीत सगळा माल त्यांच्याच बोटींतून पाठवला, तर भाड्याचा काही भाग पुढे परत मिळे. एखादी खेप जरी दुसऱ्याच्या बोटीत चढवली, तरी साचलेली सूट बुडे. त्यामुळे स्वदेशी कंपनीबद्दल आपुलकी असलेला व्यापारीही तिच्याकडे जायला कचरे. अखेर 1923 मध्ये सिंदियाला करार करून आपल्या वाढीवर मर्यादा घालून घ्यावी लागली. अशा स्वस्ताईची किंमत गिऱ्हाईक पुढे मोजतं, कारण पर्याय उरला नाही की भाडं किती हे एकटी कंपनी ठरवते.

गैरसमज 3: सरकार बाजूला झालं की स्पर्धा आपोआप टिकते.

वस्तुस्थिती: मोकळ्या बाजाराचा आद्य पुरस्कर्ता मानला जाणारा ॲडम स्मिथ असं म्हणालाच नव्हता. 1776 च्या आपल्या ग्रंथात त्याने बजावलं की एकाच धंद्यातली माणसं एकत्र जमली की बोलणं बहुधा भाव वाढवण्याच्या कटाकडे वळतं. ईस्ट इंडिया कंपनीच्या सनदी मक्तेदारीवरही त्याने कडक टीका केली. भारतीय स्पर्धा आयोगाने 2012 मध्ये अकरा सिमेंट कंपन्यांना सहा हजार कोटींहून अधिक दंड ठोठावला. त्या प्रकरणात व्यापारी संघटनेच्या बैठका आणि तिथे होणारी भाव-उत्पादनाच्या माहितीची देवघेव याच गोष्टी कळीच्या ठरल्या. प्रकरण पुढे कित्येक वर्षं अपिलांत फिरत राहिलं. स्पर्धा आयोगासारखा पंच असून ही गत, तर पंच नसताना काय होईल?

गैरसमज 4: परवानाराज उद्योगपतींच्या विरोधात होतं.

वस्तुस्थिती: देशाच्या आर्थिक विकासासाठी मांडलेल्या 1944 च्या ‘मुंबई योजने’वर जे.आर.डी. टाटा, घनश्यामदास बिर्ला, पुरुषोत्तमदास ठाकुरदास अशा बड्या उद्योगपतींच्या सह्या होत्या, आणि त्या योजनेत नियोजनाला व सरकारी नियंत्रणाला मोठी जागा होती. 1951 च्या कायद्याने उद्योगांना सरकारी परवाना सक्तीचा झाला. मुंबई विद्यापीठातले अर्थतज्ज्ञ आर. के. हजारी यांच्या 1967 च्या अहवालाने दाखवून दिलं, की मोठी घराणी ढिगाने अर्ज करून क्षमता आधीच अडवून ठेवू शकत होती. परवाना हातात असला की कारखाना उभा राहो न राहो, दुसऱ्याला जागा उरत नसे. लोकांच्या वाट्याला रांग आली. आकुर्डीच्या बजाज कारखान्यातल्या स्कूटरसाठी नाव नोंदवून माणसं वर्षानुवर्षं थांबत, कारण मागणी कितीही असली तरी उत्पादन मंजूर क्षमतेवर अडे. नव्या उद्योजकाला दाराबाहेर ठेवणारी ही व्यवस्था आत असलेल्यांना चांगलीच मानवली.

गैरसमज 5: मक्तेदारी फक्त विकणाऱ्याची असते.

वस्तुस्थिती: विकत घेणारा एकच असला, तरी तोच प्रकार होतो. ब्रिटिश अर्थतज्ज्ञ जोन रॉबिन्सन यांनी 1933 मध्येच याची शिस्तशीर मांडणी केली. आपल्याकडे त्याचं जवळचं रूप ऊसपट्ट्यात दिसतं. तोडलेला ऊस लवकर गाळला नाही तर वजन घटतं, साखरेचा उतारा पडतो. त्यामुळे शेतकरी भावासाठी थांबू शकत नाही. महाराष्ट्रात दोन कारखान्यांमध्ये 25 किलोमीटर हवाई अंतराची अट आहे. प्रत्येक कारखान्याला पुरेसा ऊस मिळावा हा तिचा हेतू, पण त्याच अटीने शेतकऱ्याच्या दारातला दुसरा ग्राहकही अडतो. म्हणून सरकारला एफआरपी, म्हणजे उसाचा किमान रास्त भाव, ठरवावी लागते आणि 14 दिवसांत पैसे देण्याचं बंधन घालावं लागतं, म्हणजे एका नियमाने झालेली अडचण दुसऱ्या नियमाने निस्तरायची. साखर उद्योगावरच्या रंगराजन समितीने 2012 मध्येच ही अंतराची अट काढावी अशी शिफारस केली होती.

सरकार हवं की नको, या वादात आपण फार वर्षं घालवली. सरकारने कोणती कामं करायची आणि कोणती सोडायची, यावर बोलायला हवं. संगनमताचे खटले दहा-दहा वर्षं रेंगाळू न देणं हे सरकारचं काम आहे. कोण किती माल काढेल आणि कुठे कारखाना घालेल, हे ठरवणं नाही. एखादं नवं धोरण आलं की त्याने उद्याचा नवा उद्योजक आत येईल की बाहेर राहील, एवढं तपासलं तरी त्याचा खरा लाभार्थी कोण हे कळतं.