स्वतःची कादंबरी स्वतःच प्रकाशित करायची? आधी चहावाल्या लेखकाची गोष्ट ऐका

बारामती-इंदापूर भागात गोष्टींना तोटा नाही. उन्हाळ्यात उजनीचं पाणी आटलं की पळसदेवचं जुनं मंदिर पाण्यातून वर येतं. धरणात गेलेल्या गावांच्या आठवणी अजून घराघरात आहेत. ऊसतोड, भिगवणचे मच्छीमार, वालचंदनगरची कारखान्याची वसाहत, यातली प्रत्येक जागा एका कादंबरीला पुरेल. अडचण एवढीच, की लिहून झाल्यावर पुढे काय करायचं हे कोणी सांगत नाही. प्रकाशकाकडून उत्तर येत नाही, आणि मग कोणीतरी फोन करून ‘अमुक इतके हजार भरा, पुस्तक छापून देतो’ म्हणतं.

आज आपण त्याच प्रश्नाकडे बघूया. पण आधी एका माणसाची ओळख.

अमरावती जिल्ह्यातले लक्ष्मणराव 1975 मध्ये दिल्लीत पोचले. आयटीओजवळ, हिंदी भवनाच्या परिसरात फुटपाथवर त्यांनी चहा विकला. हस्तलिखित घेऊन प्रकाशकाकडे गेले तर दाद मिळाली नाही. मग त्यांनी 1979 मध्ये स्वतःच्या पैशाने पहिली कादंबरी छापली, आणि पुस्तकांची पिशवी सायकलला लावून शाळा आणि लायब्रऱ्या पालथ्या घातल्या. मराठी माणूस, पण लेखन हिंदीत. ‘रामदास’ ही त्यांची गाजलेली कादंबरी. 1984 मध्ये ते इंदिरा गांधींना भेटले आणि पुढे ‘प्रधानमंत्री’ हे नाटक लिहिलं. मधल्या काळात पत्राने शिकून बीए केलं. नंतर त्यांची पुस्तकं ॲमेझॉनवरही विकली जाऊ लागली.

यात मला सगळ्यात महत्त्वाची वाटते ती सायकल. छापणं हा खर्च होता, पण खरं काम होतं वाचकापर्यंत पोचणं. आज तुमच्या हातातल्या फोनने पहिला खर्च जवळपास शून्यावर आणलाय. दुसरं काम मात्र जिथल्या तिथंच आहे.

लिहायचं कुठे आणि कसं?

फोनवर जीबोर्ड आणि गूगल डॉक्स एवढं पुरतं. बोलून टाईप केलं तरी चालतं, फक्त विरामचिन्हं नंतर हाताने घालावी लागतात. एक त्रास नक्की होईल. तुमचं पात्र ‘आलतो’, ‘गेलतो’, ‘म्हंजी’ असं बोलणार आणि कीबोर्ड ते ‘सुधारून’ टाकणार. असे शब्द कीबोर्डच्या वैयक्तिक शब्दकोशात टाकून ठेवा, नाहीतर तुमचा इंदापूरचा म्हातारा पुस्तकात पुण्याच्या बातमीदारासारखा बोलेल.

आता फाँटचं बघू. पत्रिका, फ्लेक्स करणाऱ्या डीटीपीच्या दुकानात बऱ्याचदा जुने फाँट वापरतात. त्यात फाईलमध्ये खरी मराठी अक्षरं नसतातच, इंग्रजी अक्षरांच्या जागेवर मराठी चित्रं बसवलेली असतात. फाँट नसलेल्या फोनवर ती फाईल उघडली की सगळा कचरा दिसतो. युनिकोडमध्ये असं होत नाही. तिथे ‘क्ष’ म्हणजे क, हलन्त आणि ष अशी तीन चिन्हं साठवली जातात आणि फोन ती जोडून दाखवतो. म्हणून पहिल्या ओळीपासून युनिकोडमध्येच लिहा. आधीच जुन्या फाँटमध्ये टाईप झालं असेल तर कन्व्हर्टर मिळतात, पण त्यानंतर पान-पान वाचून तपासावंच लागतं, कारण रफार आणि जोडाक्षरं हमखास बिघडतात.

पीडीएफही टाळा. पीडीएफचं पान म्हणजे फोटोफ्रेम. फोनवर अक्षर मोठं केलं की ओळी स्क्रीनबाहेर जातात. वर्ड किंवा ईपब फाईलमध्ये ओळी स्क्रीनप्रमाणे वळतात. प्रकरणाच्या नावाला ‘हेडिंग’ ही स्टाईल दिली तर त्यावरून अनुक्रमणिकाही तयार करता येते.

प्रकाशित कुठे?

ॲमेझॉनच्या केडीपीवर मराठी ई-पुस्तक टाकायला पैसे लागत नाहीत. बँक खातं आणि पॅनची माहिती भरावी लागते. रॉयल्टी 35 किंवा 70 टक्के. पण भारतातल्या विक्रीवर 70 टक्के हवे असतील तर ‘केडीपी सिलेक्ट’मध्ये नाव घालावं लागतं, आणि तिथे अट आहे: 90 दिवस ते ई-पुस्तक दुसरीकडे कुठेही द्यायचं नाही. म्हणजे तीच कादंबरी प्रतिलिपीवर फुकट वाचायला ठेवली असेल तर अट मोडते. 100 रुपयांच्या पुस्तकावर ढोबळ हिशेब 35 आणि 70 रुपयांचा, 70 मधून फाईलच्या आकाराप्रमाणे थोडा खर्च वजा होतो. पैसेही लगेच येत नाहीत, साधारण दोन महिन्यांनी येतात.

माझं मत विचाराल तर नव्या लेखकाने आधी प्रतिलिपीवर एखादी कथा भागाभागाने टाकून बघावी. वाचक कुठल्या भागाला सोडून जातात ते कळतं, आणि हे कुठलाही प्रकाशक तुम्हाला सांगणार नाही. कादंबरी मात्र राखून ठेवा.

छापील प्रत हवी असेल तर नोशन प्रेस, पोथी डॉट कॉम अशा ठिकाणी मागणीनुसार छपाई होते, म्हणजे ऑर्डर आली की प्रत छापतात. एक प्रत महाग पडते, पण घरात 500 प्रतींचे गठ्ठे पडून राहत नाहीत.

पैसे मागणारा फोन आला तर?

पैसे घेऊन पुस्तक छापणं यात बेकायदा काही नाही. पण करारात दोन गोष्टी शोधा. पहिली, हक्क कोणाकडे राहणार आणि किती वर्षं. 1957 च्या कायद्याप्रमाणे तुम्ही गोष्ट लिहिली त्याच क्षणी कॉपीराईट तुमचा झाला, नोंदणी सक्तीची नाही, आणि तो लेखकाच्या मृत्यूनंतरही 60 वर्षं टिकतो. उद्या कोणी त्या गोष्टीवर वेबसिरीज करायची म्हटली, तर सही कोणाची लागणार हे त्या एका कलमावर ठरतं. दुसरी, आयएसबीएन. हा क्रमांक भारतात राजा राममोहन रॉय राष्ट्रीय एजन्सीकडून ऑनलाईन अर्ज करून फुकट मिळतो, लेखकाला स्वतःच्या नावानेही मिळतो. त्याचे वेगळे हजारो रुपये कोणी लावत असेल तर सरळ कारण विचारा. किंडलवरच्या ई-पुस्तकाला तर तो लागतही नाही.

पैसे खर्च करायचेच असतील तर ते मुद्रितशोधनावर आणि मुखपृष्ठावर करा. वाचक पुस्तक बघतो ते अंगठ्याएवढ्या चित्रात, त्यामुळे मुखपृष्ठावरचं नाव फोनवर लांबून वाचता येतंय का, ते अपलोड करण्याआधी घरातल्या कोणाला तरी दाखवून घ्या.