फुलोऱ्यातली फवारणी आणि मधमाश्या

सेलू तालुक्यातल्या देवगाव फाट्याच्या शिवारात कपाशी, सोयाबीन आणि तूर ही ओळखीची पिकं. तूर फुलली की शेंगा पोखरणाऱ्या अळीसाठी फवारणीचे पंप निघतात, आणि नेमकी तेव्हाच आग्या, फुलोरी, सातेरी माशी त्या पिवळ्या फुलांवर असते.

इमिडाक्लोप्रिड, थायामेथोक्झाम ही निओनिकोटिनॉइड गटातली कीटकनाशकं माशीला जागच्या जागी मारतातच असं नाही. अगदी थोड्या मात्रेनंही ती पोळ्याची वाट चुकते. युरोपीय संघानं २०१८ मध्ये या दोन्हींसह तीन निओनिकोटिनॉइडांचा उघड्या शेतातला वापर बंद केला.

रोगही आहेतच. थाई सॅकब्रूड विषाणूनं सातेरीची अळी पाण्यानं भरलेल्या पिशवीसारखी होऊन मरते. पेटीतल्या मेलिफेरा माशीला व्हरोआ कोळी छळतो. पण आपल्याकडे माश्यांचं मोठं नुकसान आपणच करतो: मधासाठी टेंभा लावून आग्याचं अख्खं मोहोळ जाळतो.

माश्या कमी झाल्या की पिकाचं नुकसान कुठे दिसतं? सूर्यफुलाच्या कणसातला दाणा चिमटीत दाबून बघा. परागीभवन झालं नसेल तर टरफल रिकामं निघतं. कांद्याच्या बीजोत्पादनात तर माशी नसली की बियाणंच भरत नाही. तूर, कपाशी स्वपरागीभवनावर बरीच निभावते. तरी माश्यांचा हातभार तिथेही लागतो.

पीक फुलात असताना शक्यतो फवारू नका. टाळता येतच नसेल तर माश्या पोळ्यात परतल्यावर, संध्याकाळी फवारा. शेजारी मधपेट्या असतील तर आदल्या दिवशी मालकाला सांगा.